एकशे झाडांचा समन्वय

४ सप्टेंबर १९७२, जळगाव
समन्वय अधिकारी म्हणून रुजू. जळगावकडे केळी संशोधन निधी, धुळ्याकडे कापूस संशोधन निधी. दोन्ही ऑफिसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दिवाळीपर्यंत एका ताटात जेवायला लावीन. पुण्याचा आहे, समजावून सांगणं रक्तातच.

९ सप्टेंबर
शिरपूरजवळच्या कापसाच्या प्लॉटवर व्हिजिट. कमी पाण्यावर येणारं नवं वाण. अभिमन पाटील नावाचा शेतकरी सहा वर्षं निवड करतोय. यंदा पाऊस नाही, विहीर आटली. किती झाडं उरली, विचारलं. म्हणाला, "झाड एक शे, साहेब. तेले पानी द्या." ऊन फार, जीपमधून उतरलो नाही. खानदेशात शंभराला एकशे म्हणतात. भाषा पटकन उचलतो मी.

१२ सप्टेंबर
टँकरचे पैसे जळगावकडे. तिथले साहेब म्हणाले, केळीचं पाणी कापसाला कसं देऊ? काय माणसं! दोन्हीकडे रिपोर्ट धाडला: पाण्याविना शंभर झाडं उभी! आता पैसे धावत येतील.

२० सप्टेंबर
फत्ते! दोन्ही ऑफिसांचं प्रथमच एकमत: पाण्याविना उभी आहेत, तर पाणी कशाला? टँकर नामंजूर. जरा वाईट वाटलं. पण समन्वय तो समन्वय.

२८ सप्टेंबर
अभिमनचा ट्रंककॉल. लाइनीत नुसती खरखर. झाडांचं विचारलं. "नई शे, साहेब! नई शे!" आवाज भरून आला होता बिचाऱ्याचा. आनंद दुसरं काय! नऊशे! फांद्या लावून वाढवली असणार, बेटा हुशार आहे. दोन्ही साहेबांना पाहणीचं निमंत्रण. हार सांगितले. बियाणं दोन्ही जिल्ह्यांत वाटू. प्रमोशनचं मनात आणत नाही, पण येईलच.

५ ऑक्टोबर, शिरपूर
मोकळं रान. मधोमध एक वाळकी काटकी. नऊशे कुठायत, मी विचारलं. धुळ्याचे साहेब इकडचेच. अभिमनशी बोलले आणि मग माझ्याकडे वळले. इथल्या बोलीत एक शे म्हणजे एक आहे. नई शे म्हणजे नाही. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा ओरडून.

दोघे साहेब एकाच जीपमध्ये बसून गेले. वाटेत माझ्या बदलीवरही एकमत होणार.

 अभिमन घरचं प्यायचं पाणीही त्या झाडालाच घालत होता म्हणे. मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, थोडं बियाणं तरी काढून ठेवलं असेल ना?

त्यानं आडवी मान हलवली. ते मात्र मला लगेच समजलं.