खरपुडीभोवतीचे पांढरे दगड

२२ ऑगस्ट
चौसाळ्यामागच्या डोंगरावर दुर्मिळ खरपुडी सापडली! एकच वेल, बोटाएवढी कंदिलासारखी दोन फुलं. जन्मभर पोरांना फळ्यावर काढून दाखवली, फुलावर आलेली आज पहिल्यांदा पाहिली. गुडघे सोलले. बी पडेपर्यंत टिकावी, एवढंच मागणं.

२५ ऑग.
जनावरांचा पाय पडू नये म्हणून वेलाभोवती दगड मांडले, चुना लावून. लांबून दिसतात. स्वतःवरच खूश.
घरी मधुमालतीवरचं बुलबुलाचं घरटं मांजरानं पाडलं. मी म्हणालो, बुलबुल काय, पैशाला पासरी. सुमन भडकली. "झाडासाठी डोंगर चढता, दारातलं मांजर हाकलाया होत न्हाई व्हय?"
बायकोपुढं निवृत्त मास्तराचं चालत नाही.

२ सप्टें.
बुलबुलांनी पुन्हा काड्या आणायला घेतल्या. त्याच वेलावर, हातभर वर.
खरपुडीला जोडशेंग धरलीय. सुईएवढी.

९ सप्टें.
दगड जागच्या जागी. मधे खड्डा. वेल बाजूला वाळतोय, शेंगा कोवळ्याच.
तिथंच बसून रडलो.

१० सप्टें.
म्हादू आला, माझा जुना विद्यार्थी, मेंढ्या राखतो. आपणहून कबूल केलं.
"सर, पांढरे दगड दिसले म्हनून बघाया गेलतो. न्हाईतर गवतात कुनाला घावती? आईच्या तोंडाला चव न्हाई. तिला खरपुडीचा कंद लई आवडायचा." म्हातारीनं अर्धा खाल्ला. किती दिवसांनी पोटात काही गेलं म्हणे.
रागवणारच होतो. लहानपणी आजोबांनी सोलून दिलेला मीही खाल्लाय. आणि खूण माझीच.
म्हादूनं उरलेला अर्धा कंद आणला होता, वरचा, कोंबाचा डोळा असलेला.

११ सप्टें.
कापल्या जागी राख लावून कंद कुंडीत पुरला. सुमननं मधुमालतीखाली बाभळीच्या काट्या बांधल्या. नव्या घरट्यात तीन अंडी.
बुलबुलाचं मोडलं तर पुन्हा काडीपासून सुरू. खरपुडीला तेवढी सवड नाही, सापडलेला वेलच एक. शाळेत पक्षी नि वनस्पती हे दोन वेगळे धडे होते, कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

२९ सप्टें.
पिल्लं दिवसभर चोची वासून. कुंडी गप्प. आत कंद झोपलाय की कुजलाय, पुढच्या पावसाळ्याशिवाय कळायचं नाही.
सुमन म्हणाली, "कुनी रिकामी समजून उपडी करंल. चुन्याचा पट्टा वढू का कुंडीला?"
"नको!" केवढ्यानं ओरडलो. बुलबुल उडाले.