बेहड्यातली बाळंतीण

बाबा, परसातला बेहडा अजून उभा आहे. हे ऐकून तुम्हाला आनंद होणार नाही, ठाऊक आहे मला. तुमच्या कलमांचं ऊन खातो म्हणून दर दिवाळीनंतर तुम्ही कुऱ्हाडीला धार लावायचात आणि आई काहीतरी काढून ते लांबवायची. कधी अमावस्या, कधी माझी परीक्षा. एकदा मी झाडाखाली पडलेलं धनेशाचं लांबलचक पीस तुम्हाला दाखवायला आणलं, तर तुम्ही वर न बघताच म्हणालात, "पिसं कसली गोळा करतेस? पाढे म्हण."

या उन्हाळ्यात दादाने मुंबईहून फोनवरच या बेहड्यासकट परसामागचं सगळं रान लाकूडवाल्या ठेकेदाराला देऊन टाकलं. त्याला तिथे काजू लावायचे होते. मी सुट्टीला घरी आलेली. करवतीचा आवाज ऐकून मागे धावते, तर आई आधीच बेहड्याला पाठ लावून उभी.

"मेल्या, बंद कर ते. आत बाळंतीण आहे."

करवतवाला दचकून मागे सरला. "झाडात, काकी?"

आईने वर बोट दाखवलं. धनेशाची मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. तेवढ्यात नर आला आणि फटीतून एकेक उंबर आत देऊ लागला. गडी माना वर करून बघत राहिले.

"रोज भरवतो?" करवतवाल्याने विचारलं.

"रोज. पिल्लू मोठं होईपर्यंत. नाहीतर आमचे हे. दोन बाळंतपणांत पाण्याचा तांब्या म्हणून आणून दिला नाही."

बाबा, तुमची अब्रू मला वाचवता आली नाही. गडी चहा पिऊन, हसत निघून गेले.

मग दादा एसटीने आला, चांगलाच तापलेला. ढोलीकडे बराच वेळ बघून म्हणाला, "ठीक आहे, बेहडा ठेवू. बाकीचं जाऊ दे."

"उंबर तोडलास तर तो बायकोला काय भरवील? तुझे काजू?"

"बरं, उंबर ठेवू."

"आणि वड?"

असं करत संध्याकाळपर्यंत सगळं रान राहिलं आणि दादा ठेकेदाराची समजूत घालायला गेला. ती काही पटली नसावी. ठेकेदार अजून आमच्या घरावरून जाताना मान फिरवतो. पावसाच्या तोंडाला मादी ढोली फोडून बाहेर आली, मागोमाग एक बेढब पिल्लू. आई वाडीत साखर वाटून आली.

आता दापोलीहून कॉलेजची मुलं धनेश बघायला येतात. आई त्यांना खुर्च्या देते आणि सांगते, "ह्यांचा फार जीव होता या झाडावर. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत." तुम्ही देवाघरी गेलात तिथला पत्ता असता, तरी हे पत्र मी टाकलं नसतं, तुम्ही उलट टपाली तिचं म्हणणं खोडून काढलं असतंत. आणि खरं सांगायचं तर, आई घरात नसली की मुलांना मीही तेच सांगते.