रंगूचा एकच जन्म

म्हसा, ता. मुरबाड
२३ नोव्हेंबर २०२५

चि. भाविक यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या हाताने केलेल्या वस्तू: भात झोडायचं यंत्र, देवळाचं लोखंडी फाटक, शाळेच्या टाकीचा स्टँड, तुझ्या कॉम्प्युटरसमोरची जीपच्या सीटची खुर्ची. कोणाकडे शिकायला गेलो नाही. त्यात आता एक भर पडली आहे: एका हाताने चालणारा गेमचा कंट्रोलर. डाव्या हाताला काठी आणि बटणं, बाकीची कामं पायाकडे. पेडल शिलाई मशिनचं आहे, स्प्रिंग मात्र मी बदलली. मूळची फार मऊ होती.

प्रेस मशिनखाली तुझा उजवा हात गेला आणि दवाखान्यातून तू थेट शहापूरला ठकूआत्याकडे गेलास. फोन बंद ठेवलास. म्हणून हे पत्र धाऊच्या भाजीच्या टेम्पोतून पाठवतो आहे.

कंट्रोलरची परीक्षा म्हणून मी स्वतः उजवा हात पंच्याने पाठीशी बांधून तुझा तो अंतराळातला गेम खेळतो आहे. गेम चांगला आहे. ज्याने त्यातला गंज रंगवला, त्याने खरा गंज पाहिलेला आहे. जोडाच्या खालच्या अंगाने आधी धरतो, अगदी तसा. पाडलेल्या यंत्राच्या पत्र्यातून आपलं चिलखत ठोकता येतं, हेही पटलं. पण त्या मेलेल्या ग्रहावर सूर्य दोन आणि सावली एकच, ही चूक कोणाला दिसली कशी नाही?

तुझ्या रंगूला मी हात लावलेला नाही. माझा गडी वेगळा केला आहे, मेला तरी पुन्हा उठणारा. ती शेवटच्या फाटकासमोर उभी आहे, तू सोडलीस तिथेच. एका जिवाच्या खेळातली ती, मेली की पुन्हा उठत नाही, दोन वर्षांची मेहनत पुसली जाते, एवढं मला कळतं. आई म्हणते, बंदूकवाल्या बाईला माझ्या सासूचं नाव दिलंय ह्याने, आता पडद्यासमोर पाय पसरून बसायची सोय राहिली नाय.

पौषी पौर्णिमेला जत्रा भरते. ये आणि रंगूला फाटकापार ने. लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.

तुझा,
बाबा


शहापूर
३० नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय. आत्या म्हणते, कागदावर रेडा फिरलाय. वाचता येईल तेवढं वाचा.

रंगूला उडवून टाका. मेनूत तिच्या नावावर जा आणि डिलीट करा, एवढंच काम आहे. ती तिथे उभी आहे हे आठवलं की माझा घास उतरत नाय. फाटकावरच्या रखवालदाराने दोन्ही हातांनी खेळणाऱ्या भल्याभल्यांना लोळवलंय. तुमच्या गड्याने त्याला नुसतं ओरखडलं तरी मी पेढे पाठवीन.

आणि सावली एकच पडते, कारण दुसरा सूर्य विझलेला आहे. नुसता गोळा दिसतो, उजेड नाय. तिसऱ्या वस्तीतली म्हातारी हे सांगते. तुमी तिच्याशी बोललाच नसाल. लोखंड दिसलं की तुमाला माणसं दिसत नाहीत.

जत्रेला येणार नाय. सगळे आधी हात बघायला मागतील, मग चहा विचारतील. कंट्रोलर भंगारात द्या. आईला सांगा, जेवतो नीट. तिची आणि तुमची माया असू द्या, बोलावणं नको.

आपला,
भाविक


म्हसा
८ डिसेंबर २०२५

चि. भाविक यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

म्हातारीला भेटलो. तू म्हणतोस ते बरोबर आहे. तिचं सगळं ऐकून घेतलं म्हणून तिने मला तिच्या मुलाचा कंदील दिला, तो फाटकाजवळच्या अंधारात उपयोगी पडला. खेळ असा बांधला आहे, की आधी कोणाशी कसं वागलो ते शेवटी आडवं येतं किंवा हात देतं.

रखवालदार पाहिला. भिंतीएवढा आहे. घाव घालण्याआधी डावा खांदा उचलतो. जेसीबीचा हात उठताना आत तेल भरायला लागतो तेवढाच वेळ आपल्याला मिळतो. त्यात लोळलं नाही की संपलं. माझा गडी अजून संपतोच आहे. बांधलेल्या हाताला मुंग्या येतात, खांदा धरतो, पण सोडत नाही.

आता नीट वाच. पौर्णिमेच्या आत बांधल्या हाताने मी त्याला पाडला, तर तू जत्रेला यायचंस आणि रंगूला खेळवायचंस. नाही जमलं, तर पौर्णिमेच्या सकाळी मीच तिला पुसतो. पुन्हा कधी विषय काढणार नाही. आई म्हणते, पोराच्या जिवाशी कोण पैज लावतं. दोन दिवस भाकरी ताटात वाढत नाही, टाकते. तरी शब्द दिला तो दिला.

पेढ्यांची तयारी ठेव. राग असला तरी जिव्हाळा उणा करू नये, ही विनंती.

तुझा,
बाबा


शहापूर
२१ डिसेंबर २०२५

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

धाऊकाकांनी तुमचा व्हिडिओ दाखवला. पंच्याने बांधलेला हात, घामाने भिजलेली बंडी, आणि पाय पेडलवर. काका हसत होते. मला हसू आलं नाय.

बाबा, तुमी अख्खा हात बांधलात. माझा अख्खा हात गेला, असं तुमाला कोणी सांगितलं? मधली तीन बोटं गेली. अंगठा आहे, करंगळी आहे, तळहात आहे, मनगट फिरतं. मशिनने जेवढं नेलं त्याच्यापेक्षा जास्त तुमी नेलंत. दवाखान्यात तुमी खाटेच्या चाकाचा आवाज कुठून येतो ते शोधलंत, सलाईनचा स्टँड वाकडा आहे म्हणालात, त्या प्रेसला गार्ड कसा असायला हवा होता ते डॉक्टरला समजावलंत. पट्टी उघडली तेव्हा खिडकीची कडी तपासत होतात.

सोबतच्या कागदावर हात ठेवून पेन्सिल फिरवली आहे. बघा. बघून झाल्यावर रंगूला पुसायचं असेल तर पुसा.

ओलावा राहू द्यावा.

आपला,
भाविक


म्हसा
१४ जानेवारी २०२६

चि. भाविक यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्यावर दोन दिवस आई खुर्चीवरची चादर झटकू देत नव्हती. जत्रा उठली, बैलबाजाराच्या मैदानात आता नुसते खुंटे आहेत.

पैज मी हरलो होतो. तुझा कागद आला त्या दिवशी पंचा सोडला आणि रखवालदाराकडे पुन्हा फिरकलो नाही. पौर्णिमेची सकाळ मोडला शब्द घेऊन उगवणार हे ठाऊक होतं, तरी रंगूच्या नावावर बोट गेलं नाही. कागद घेऊन कामाला बसलो. अंगठ्याला काठी, करंगळीला खटका, तळहाताखाली शिसवीचा उंचवटा. तुझी आखणी अंगठ्याजवळ दोन सूत चुकली होती. पेन्सिल तिरकी धरलीस. जत्रेला तू आपणहून आलास, धाऊसमोर खिशातून हात काढलास आणि मी तो माझ्या हातात घेऊन मोजला, तेव्हा ते कळलं. लाकूड तिथेच तासलं. तुझा हात गरम होता.

रंगू मेली. रखवालदाराला पाडायला एकच घाव उरला होता, आई पीठ मळायचं सोडून दारात उभी होती. त्याने उजवा खांदा उचलला. ते मी कधी पाहिलं नव्हतं, कारण तिथवर कधी पोचलोच नव्हतो. पडदा काळा झाला. मला वाटलं, तू कंट्रोलर भिंतीवर मारणार. तू म्हणालास, तुमच्या जेसीबीला दुसरा हात पण आहे वाटतं, आणि हसलास. मग नवीन नाव लिहिलंस, रंगूच. आई म्हणाली, सासूबाई परत आल्या, पाय जवळ घ्या.

शनिवारी ये. ती दुसऱ्या वस्तीजवळ थांबली आहे, म्हातारीशी अजून बोलायचं आहे.

कळवायचं राहिलं. जत्रेत कल्याणचा एक गेम पार्लरवाला धाऊबरोबर घरी आला होता. कंट्रोलर उलटसुलट पाहिला, आखणीसकट मागितला. मी त्याला तो धरायला लावला. त्याची मधली तीन बोटं कुठे ठेवावी ते त्याला कळेना. तरी त्याने भाव वाढवला. मी नाही म्हणालो. शेवटी ऐंशी हजार रुपये देत होता.

तुझा,
बाबा