जांभळ्या कापडाखालची मारियामाता

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, एमा कॅसिमिर तुस्कानो, वय एकोणतीस, व्यवसाय हॉस्पिटलात फार्मासिस्ट, मूळ राहणार वसई, हल्ली डार्विन, ऑस्ट्रेलिया, हे स्वखुशीने लिहून ठेवते. कोणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. दोष हृदयाच्या झडपेत आहे आणि तिच्या शस्त्रक्रियेसाठी मला पुढच्या आठवड्यात ॲडलेडला जायचे आहे. डॉक्टर म्हणाले, नो वरीज. मला काळजी वाटते, म्हणून लिहिते.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. चुकून केले असल्यास ते रद्द समजावे.

कलम २. बँकेतील शिल्लक, सुपर म्हणजे निवृत्तीचा फंड आणि गाडी माझी आई श्रीमती जुडिथ हिला मिळावी. आईला गाडी चालवता येत नाही. तिने शिकावे. इथे गाडीवाचून चर्चमध्ये मिस्सालाही जाता येत नाही, आणि दर रविवारी तिला नेणाऱ्या लीना आंटींच्या हॉर्नची वाट पाहत तिने दारात उभे राहू नये.

कलम ३. बाबांचे ब्रश माझ्या मैत्रिणीच्या मुलीला, माझ्याकडे चित्रे काढायला शिकणाऱ्या निहारिकाला द्यावेत. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत आणि सणाआधी देवळातले, म्हणजे आमच्या चर्चमधले, पुतळे. माझी पहिली शाळा म्हणजे त्यांचा ओटा. मुळाक्षरे मी पाट्यांवरून शिकले आणि प्रार्थना रंग वाळण्याची वाट पाहताना. संतांचे डोळे शेवटी काढायचे, त्याआधी क्रूसाची खूण करायची, हा त्यांचा नियम. निहारिका हिंदू आहे, तिच्यावर खुणेची सक्ती नाही. ब्रश मात्र त्याच दिवशी धुवावेत. हे तिला अनेकदा सांगितले आहे. ती "आय नो, एमा मावशी" म्हणते आणि धूत नाही.

कलम ४. निहारिकाची आई मंजिरी ही साक्षीदार असल्याने तिला काही ठेवता येत नाही, असे मला सांगण्यात आले आहे. "म्हणजे राइस कुकर गेला माझा," असे ती म्हणाली. कुकर मी तिला कालच देऊन टाकला.

कलम ५. क्रूसाखाली उभ्या मारियामातेचे माझे तैलचित्र. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझा भाऊ डीन गॅसच्या प्रकल्पावर नोकरीला होता. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याची गाडी रस्त्यावरून घसरली. दफनाच्या दिवशी जो तो आईला म्हणाला, देवाची इच्छा. आई प्रत्येकाला थँक यू म्हणाली आणि सँडविचेस वाढत राहिली. ती तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. मला जे बोलता येत नव्हते ते मी रंगवायला घेतले. मारियामातेला आमच्याकडचे लाल लुगडे नेसवले. डोळे बाबांच्या नियमाप्रमाणे शेवटी काढले, पण तोवर सगळा राग जबड्यात उतरला होता. ती रडत नाही. दात आवळून, पदर मुठीत धरून वर बघते.

देवाच्या आईला राग देणे पाप आहे का, हे मी इथल्या चर्चच्या फादरांना पापनिवेदनात विचारले, आणि खात्रीसाठी पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी ते हसले. म्हणाले, बायबलातली स्तोत्रे वाच, त्यात किती माणसे देवाशी भांडलीत ते बघ. चित्र त्यांना चर्चसाठी हवे होते.

मग आमच्या घरी रोझरीच्या प्रार्थनेला आलेल्या लीना आंटी चित्रासमोर थांबून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मारियामाता कसली? ही तर आपली जुडिथ." मी त्यांना क्षमा केली आहे. पूर्ण नाही, प्रयत्न चालू आहे.

 ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या शेवटी, गावी करतो त्याप्रमाणे, आईने घरातली सगळी चित्रे, मूर्ती जांभळ्या कापडाने झाकल्या. ईस्टरला सगळ्यांवरची कापडे काढली. या एका चित्रावरचे काढले नाही. आता ऑगस्ट आहे. मीही हात लावलेला नाही.

सबब, चित्र फादरांच्या चर्चला द्यावे. मात्र आईची संमती असेल तरच, आणि चेहऱ्यात कोणी बदल करू नये.

पुरवणी, सह्यांपूर्वी. मंजिरी आणि तिचा नवरा विनय सही करायला आले तेव्हा आई चहा घेऊन आली आणि चित्राचं काय लिहिलंस, म्हणाली. मी कलम ५ वाचून दाखवले. विनय उठून बाहेर जाऊ लागला, त्याला आईने बसवले.

"कापड काढलं असतं तर तुला वाटलं असतं, माझं भांडण मिटलं," आई म्हणाली.

कोणाशी, असे मी विचारले.

"तुला ठाऊक आहे कोणाशी. चित्रात काढलंयस की."

चित्र चुकले का, असेही मी विचारले.

"चुकलं असतं तर झाकलं कशाला असतं?" मग ती म्हणाली, "ते असं मेल्यावर द्यायचं ठेवू नकोस, एमा. आणि त्या फादरला माझी संमती विचारायला लावू नकोस. द्यायचं तर मला आत्ता दे, हातात."

मी भिंतीवरून चित्र उतरवले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर आईच्या हातात दिले. तिने ते कापडासकट आपल्या खोलीत नेले व दार लावून घेतले.

त्यामुळे कलम ५ मधील शेवटची दोन वाक्ये रद्द. सदर चित्र आता माझ्या मालकीचे नाही आणि त्याविषयी ठरवणारी मी कोणी नाही. आत कापड काढले की नाही, हे मी विचारलेले नाही. चहा निवला तरी दार उघडलेले नाही. आतून आईचा आवाज येतो आहे. ती प्रार्थना म्हणत नाही, कोणाशी तरी भांडते आहे, आणि रडते आहे. आम्ही तिघेही आवाज न करता सह्या करत आहोत.

सही: एमा कॅसिमिर तुस्कानो
साक्षीदार: १. मंजिरी विनय गोखले २. विनय दीनानाथ गोखले
स्थळ: डार्विन. दिनांक: ९ ऑगस्ट २०२५