पाळकबाईंच्या बदलीच्या अर्जाची कारणं

ता. कळमनुरी, जि. हिंगोली
हळद वाळून पोत्यात भरली, त्यानंतरचा शनिवार

मेहुणे हरिचंदराव यांना दाजी प्रेमदासचा प्रभूच्या नावात सलाम.

इकडं आमी प्रभूच्या कृपेनं आणि बीपीच्या गोळ्यांच्या जोरावर उभे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? विभागीय मंडळाचे सेक्रेटरी झाल्यापासून तुमी फोन उचलत न्हाई, म्हणून पत्र लिहून राहिलो. (तुमची मिराअक्का म्हणते, खुर्ची मोठी झाली की कान बारीक होतात. हे तिचं बोलणं, माझं न्हाई.)

मुद्द्याचं असं. आमच्या चर्चच्या पाळकबाई दीपमाला यांची बदली करा, असा अर्ज थोरला पंच म्हणून मी सही ठोकून तुमच्याकडं धाडला. तुमी उलट लिहिलं, पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, कारणं सविस्तर कळवा. मग ऐका.

बाई बी.एस्सी. शेती. एक तर बाई, त्यात शिकलेली! उपासना संपली की आशीर्वाद देतात आणि त्याच दमात मोबाइल पाहून सांगतात, मंगळवारी पाऊस येऊन राहिला, हळद उचला. अहो, चाळीस वर्षं आमी हळदीसाठी ऊन मागायला गुडघे टेकत आलो, देवाला कधी वार विचारला न्हाई. म्हणून मी शिजवलेली हळद वावरात तशीच पसरून ठेवली. (विश्वास होता. थोडा आळसही होता, पण विश्वास जास्त.) मंगळवारी दुपारी आभाळ फाटलं. मी चपला सोडून धावलो, तर वावरात पाळकबाई पदर खोचून ताडपत्रीचं एक टोक धरून उभ्या, दुसरं टोक आमच्या मिराबाईच्या हातात, आणि अर्धी हळद झाकून झालेली. मी म्हटलं, बाई, तुमी नुसती प्रार्थना केली असती तरी चाललं असतं. म्हणे, "काका, तीच करून राहिले. पण हात रिकामे काहून ठेवू?" आता असल्या तोंडाळ पाळकाला काय म्हणावं, तुमीच सांगा.

त्यानंतर प्याल्याचा वाद. प्रभुभोजनात भाकरीबरोबर रस द्यायचा आपला चांदीचा प्याला मिशनच्या काळापासूनचा. आधी माझ्या बापानं ओळीओळीनं फिरवला, नंतर मी. करोनात तो कपाटात गेला होता, मीच परत बाहेर काढला. बाई म्हणाल्या, एका प्याल्याला शंभर ओठ लागतात, आता ज्याचा त्याचा छोटा पेला करू. मी कमिटीत उभा राहून गरजलो, एक भाकर, एक प्याला! पण आजकाल कमिटीत बायाही हात वर करतात. मी हरलो, घरी आलो आणि रागात तुमाला अर्ज लिहिला.

नांदेडहून पेले काही वेळेत आले न्हाईत. तेव्हा आपला दिपक (मेडिकलवर कामाला आहे, मनानं लई चांगलं पोरगं) म्हणाला, माझ्यावर सोडा, आणि रविवारी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं पिशवीभर घेऊन आला. धुतली होती म्हणे. (व्हय, पण वास काही धुतला न्हाई.) पाच एमेलच्या रेघेपर्यंत मनुकांचा रस ओतला. सगळ्या मंडळीनं गंभीरपणे डोळे मिटले, रस घेतला आणि सगळ्यांचे डोळे एकदमच उघडले. फुलसिंगआजोबा मोठ्यानं म्हणाले, "जेवणाआधी घ्यायचं का नंतर?" प्रभुभोजनात हसू, हरिचंदराव! पाळकबाई तर पायरीवरच बसल्या. मी चेहरा कडक ठेवला, पण पोट दुखलं.

आता जे लिहितो ते लिहायला हात धजत न्हाई. दोन वर्षं झाली, प्याला जवळ आला की मिराबाई मान खाली घालायची, घ्यायची न्हाई. मनात राग धरून प्याला घेऊ नये म्हणतात, म्हणून मला वाटलं, कोणाबद्दल तरी राग असेल, बहुतेक माझ्याबद्दलच. यादी लांबली असती म्हणून विचारलं न्हाई. त्या रविवारी बाईंनी एका झाकणात अर्धाच रस घेतला, तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या हाताखाली आपला हात धरला. मिराबाई प्यायली आणि लेकरासारखी रडली. तेव्हा मला दिसलं. तिचे हात कापतात, हरिचंदराव. चारचौघांत प्याला सांडेल, या भीतीनं ती दोन वर्षं तशीच राहिली, आणि प्याला फिरवणारा मीच होतो! बाईंना चार महिन्यांत जे दिसलं ते मला एका घरात राहून दिसलं न्हाई. मागच्या पत्रात मी तुमाला लिहिलं होतं ना, तुमची बहीण चिंगूस झाली, चहा अर्धाच कप देते म्हणून? सांडू नये म्हणून अर्धा द्यायची. मला माझी फार लाज वाटली.

तर ही कारणं. मंडळापुढं बराबर वाचून दाखवा.

आपला दाजी,
प्रेमदास, थोरला पंच

ता.क. : वाचून दाखवू नका. अर्ज फाडून चुलीत घाला, आणि बाईंना आणखी पाच वर्षं इथंच राहू द्या. कोणी विचारलं तर सांगा, अर्ज पोचलाच न्हाई.

आणखी ता.क. : नांदेडचे पेले आता नकोत. मंडळीला झाकणांची सवय पडली, आणि फुलसिंगआजोबांचा खोकलाही थांबला म्हणतात.

शेवटचं : तुमच्या तिकडं हात कापण्यावर इलाज करणारा चांगला डॉक्टर असेल तर नंबर ताबडतोब कळवा. प्रार्थना चालूच आहे, पण हात रिकामे काहून ठेवू? आता चहा आला. अर्धाच कप आहे. मला पुरतो.