काही कमी नाही, साहेब

खाडीकाठ, जि. रत्नागिरी
१२ फेब्रुवारी २००२

प्रिय हमझा,

भाभीचा सलाम आणि पोटभर दुवा. खोकला गेला का? विधानभवनाच्या कँटीनात दिवसभर आमदारांना गरम चहा देतोस आणि स्वतः गार पितोस, हे मला ठाऊक आहे. घरी सगळे बरे. तुझ्या महरीनला आठवा लागला. पाय सुजतात, पण चिंचा मागते, म्हणजे तब्येत चांगली आहे.

आता नीट बसून वाच, कारण तुझी भाभी साधी बाई राहिलेली नाही. विधिमंडळाची समिती आपल्या गावात आली आणि मी तिच्यासमोर बोलले! सरकारने आरोग्याचा पैसा कापलाय, त्यात आपल्या आरोग्य केंद्रातली बाळंतपणाची खोली बंद करायची म्हणतात. वर नवा कायदा येतोय, लहान केंद्रं मोठ्यांत मिसळायची. (म्हणजे कळा सुरू झाल्या की एसटीची वाट बघत रत्नागिरी गाठायची. कायदा लिहिणाऱ्याला कधी कळा आल्या नसाव्यात.) हे कितपत बरोबर, ते बघायला समिती आलेली. पंचायतीतल्या बायकांत आवाज माझाच मोठा, म्हणून गाऱ्हाणं मांडायचं काम माझ्याकडे. आठवडाभर कोंबड्यांसमोर पाठ केलं: औषधं नाहीत, छप्पर गळतं, चार गावांना एकच नर्स.

पण मुंबईचे पाहुणे येणार म्हटल्यावर गावाला राहवेना. फाटक्या चादरी त्यांना दाखवायच्या? माझ्या भावाने, अद्नानने दुबईहून आणलेलं वाघाचं ब्लँकेट बाळंतपणाच्या खाटेवर घातलं. (कोणी? मीच.) मग वजीरचाचांनी घरचा पंखा आणला, आप्पांनी स्वतःच्या गोठ्याची कौलं काढून गळकं छप्पर शाकारलं, कोणी पडदे दिले. नर्स कमळाबाई नको नको म्हणत होत्या, पण ऐकतो कोण. खोली अशी सजली की तिथे नवरी बसवावी.

समितीचे अध्यक्ष आले, वाघाकडे बघतच राहिले. मग हळूच मला म्हणाले, "बाई, इथे काय कमी आहे?" हमझा, सगळं भाषण आठवत होतं. पण दारात पाहुणा, माझ्या हातात तांदळाच्या गोड, वाफवलेल्या सांदणांचं ताट, आणि तो विचारतोय काय कमी आहे. तोंडातून निघालं, "अल्लाच्या कृपेनं काही कमी नाही, साहेब. आधी दोन घास खाऊन घ्या."

त्यांनी खाल्लं, पुन्हा मागून घेतलं, ग्रामस्थ समाधानी आहेत असं लिहून घेतलं आणि गेले. जीप वळणाआड गेल्यावर कमळाबाई म्हणाल्या, "पावन्यांचा मान राखलात, भाभी. आता महरीनला काय त्या वाघावर बसवून न्यायची?" मला आधी हसू आलं, मग रडू आलं. पण सांदणं झाली होती मात्र कापसासारखी.

तुझी,
बिल्किसभाभी

ता. क. समिती आता अहवाल लिहायला बसेल, आणि तिला चहा तूच देणार. कप ठेवता ठेवता अध्यक्षांना सांग, की वाघाखाली फाटकी चादर होती आणि कौलं गोठ्याची होती. फक्त आपल्या गावाचं नाव घेऊ नकोस. दुसरं कुठलंही सांग. लाज वाटते.

आणखी ता. क. पत्र कमळाबाईंनी वाचलं. म्हणतात, दुसऱ्या गावाचं नाव सांगितलंत तर खोलीही त्यांचीच वाचेल. खरं आहे. तेव्हा आपल्याच गावाचं सांग, माझ्या नावासकट. लाज माझी आहे, पण मूल तुझं आहे. मात्र आधी त्यांना चहा पिऊ दे, सोबत बिस्कीट दे, मग सांग.