डावीकडचा समास

प्रिय ताई,

या पत्राच्या डावीकडे मी चार बोटं समास सोडला आहे आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सही केली आहे, हे पाहून तू हसशील. ‘वाचनालयाला आता खासगी पत्रातही शिस्त सुचू लागली,’ असंही, मला ठेवलेल्या त्या नावाने, म्हणशील. हसून घे. कारण शेवटी सांगते. आधी माझा संताप ऐक, कारण इथे तो ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. तुझी त्या दूरच्या भांडारावर बदली झाल्यापासून वर्कशॉपात माझ्याशी गिअरबॉक्सखेरीज कुणी मनमोकळं बोलत नाही.

यंदाचा वार्षिक गोपनीय अहवाल मला दाखवण्यात आला. दाखवण्यात आला म्हणजे साहेबांनी टेबलावरून फाईल माझ्याकडे सरकवली आणि मी वाचत होते तोवर ते नखं कापत बसले. नेतृत्व: सरासरीपेक्षा कमी. बढतीसाठी शिफारस: नाही. सलग दोन वर्षं असा शेरा आला की बढतीची वाट कायमची बंद होते, हे तुला मी सांगायला नको.

निमित्त काय, तर वार्षिक सराव. त्या दिवशी चौदा ट्रक निघायचे होते आणि त्यांतल्या तीन ट्रकांच्या ब्रेकच्या नळ्या चिरलेल्या होत्या. नळी नुसती पाहायची नाही, वाकवून पाहायची, हे तूच शिकवलेलं. मी वाकवून पाहिल्या आणि तपासणीच्या वहीत ‘अयोग्य’ लिहून सही केली. साहेब म्हणाले, “घाट उतरतील त्या, मॅडम. तुम्ही फार वाचता.” मागे उभे असलेले चालक हसले. मी मान खाली घालून उभी राहिले, पण सही बदलली नाही. नळ्या बदलण्यात चार तास गेले. ताफा उशिरा पोहोचला, सगळे सुखरूप पोहोचले, आणि सुखरूप पोहोचण्यासाठी अहवालात रकानाच नाही! उलट ज्या बाईने आयुष्यातला पहिला ‘नाही’ चार तास एकटीने धरून ठेवला, तिच्याविषयी लिहिलं आहे: ‘दबावाखाली निर्णय घेताना यांच्या ठायी अपेक्षित तत्परता आढळत नाही.’

हे वाक्य लक्षात ठेव.

अपिलासाठी पंचेचाळीस दिवस मिळतात. त्यांतले तीस हेडक्लार्ककाकांनी खाल्ले. पहिला अर्ज परत आला, कारण शाई निळी होती. दुसरा परत आला, कारण टाचणी समासात टोचली होती. “मॅडम, समास चार बोटं. टाचणी वरच्या डाव्या कोपऱ्यात. आणि पानोपानी सही करा, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, हे पान तुमचं नव्हेच.” तिसरा अर्ज त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि शांतपणे सांगितलं की हा वर जायचा तर साहेबांच्याच सहीने जाईल. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांचीच सही? “यालाच शिस्त म्हणतात, मॅडम.” मी शाळेत निबंधात कायम पहिली येत असे, ताई, आणि आता टाचणीच्या जागेवर नापास होत होते. शेजारच्या खोलीत जाऊन पाण्याचे दोन पेले प्यायले आणि परत येऊन मुकाट्याने समास मोजला.

गेल्या वर्षी तू असं काहीच केलं नाहीस, म्हणून मी तुझ्यावर किती चिडले होते! दाट धुक्यात ताफा थांबवलास म्हणून तुझा अहवाल बिघडवला, आणि तू मात्र ट्रंक भरत बसलीस. अपील कर म्हणून मी तुझ्यामागे धोशा लावला, तेव्हा घड्या घालता घालता तू म्हणालीस, “अगं, इतकं सुंदर लिहिलंय की मलाच पटलं.” काय लिहिलं होतं ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

मला विचारायची गरज नव्हती. ट्रंक भरली त्याच्या पंधरा दिवस आधी साहेबांनी मला बोलावून हातात एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर दोनच शब्द होते: ‘घाबरट. संथ.’ “तुमची भाषा चांगली आहे. जरा सभ्य करून द्या.” नाव लिहिलेलं नव्हतं, पण धुक्याची गोष्ट सगळ्या छावणीला ठाऊक होती. मला कळलं होतं, ताई. मी नवी होते, नाही म्हणायची मला सवय नव्हती, हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं हे, की ‘ठायी’ हा शब्द सुचला तेव्हा मी मनातल्या मनात खूश झाले होते. या वर्कशॉपात तो दुसऱ्या कुणाच्या लेखणीतून उतरणार नाही. साहेबांनी तेच वाक्य जपून ठेवलं आणि वर्षभराने, एक अक्षर न बदलता, माझ्या अहवालात चिकटवलं.

माझ्या अपिलाच्या सातव्या परिच्छेदात हे मी लिहिलं आहे: हे वाक्य माझं असून गेल्या वर्षी ते मी आज्ञेवरून, खातरजमा न करता, दुसऱ्या एका अधिकाऱ्याविषयी रचलं. काका म्हणाले, “हा परिच्छेद काढा, पोरी. वहीचं पान पुरेसं आहे, जिंकशील. हे राहिलं तर तुझीच चौकशी लागेल.” आयुष्यात प्रथमच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. मी परिच्छेद ठेवला. आज सकाळी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यात तुझं नाव नाही. ते द्यायचं की नाही, हे तू ठरवायचं. तुझी मुदत केव्हाच संपली आहे, परंतु नवा पुरावा हाती आला तर उशिरा केलेलं अपीलही ऐकतात, असं काकांकडून मी काढून घेतलं आहे. क्षमा मागण्यासाठी मात्र वाक्य सुचत नाही. माझ्या चांगल्या वाक्यांवरचा माझाच विश्वास उडाला आहे. म्हणून क्षमेऐवजी हे पत्र पाठवते आहे: काळ्या शाईत, पानोपानी सही केलेलं, प्रत्येक सहीखाली हुद्दा आणि तारीख घातलेलं. हे तुझ्या अर्जाला जोड. टाचणी वरच्या डाव्या कोपऱ्यात लाव.

तुझीच,
वाचनालय